किती वॉट, किती मिनिटं

सकाळी ६.१५

रात्रभर वारा होता. आषाढात रत्नागिरीत असा वारा सुटला की सकाळी माझा फोन लवकर वाजायला लागतो. कॉम्प्युटर आणि यूपीएस दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे कुठे फांदी पडली, कुठे जंपर तुटला, हे मला गिऱ्हाइकांच्या निरोपांवरूनच कळतं. ‘यूपीएस रात्रभर बीप मारत होता, शेवटी बंद केला.’ ‘लाइट आली, पण पीसी उठत नाही.’ ‘मोडेमचे दिवेच लागत नाहीत.’ ज्यांचं रोजीरोटीचं काम अडलंय त्यांना पहिला फोन. पण गेमिंग पीसीवाल्या पोरांनाही मी मागे ठेवत नाही. घराने एवढे पैसे दुसऱ्या कुठल्या यंत्रावर क्वचितच घातलेले असतात, आणि विजेच्या चढउताराला सगळ्यात उघडं तेच असतं.

बाहेरच्यांना वाटतं, कोकणात वीजच कमी. तसं नाही. कोयनेचं पोफळीचं वीजगृह आमच्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट. जयगडला कोळशावरचा १२०० मेगावॉटचा प्रकल्प आहे, गुहागरजवळ अंजनवेलला गॅसवरचा. अडतं ते शेवटच्या काही किलोमीटरमध्ये. लाइन डोंगरातून, आंब्या-फणसांच्या आणि सागाच्या झाडीतून येते. समुद्राकडचा खारा वारा इन्सुलेटरवर मिठाचा थर बसवतो. तो कोरडा असेपर्यंत काही होत नाही. भुरभुर पाऊस पडून ओला झाला की त्याच्यावरून वीज पाझरते आणि लाइन ट्रिप होते.

म्हणून इथली लाइट बहुतेक वेळा क्षणभर जाते, नाहीतर पाच-दहा मिनिटं. फांदी पडली तर दोन-चार तास. वादळाचा हिशेब निराळाच. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या गावांत खांब आडवे केले आणि काही गावं कित्येक आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. तसल्या अंधाराला यूपीएसचा उपयोग नाही, तिथे जनरेटर किंवा सौर पॅनेलच हवं. यूपीएस त्या क्षणभराच्या आणि दहा मिनिटांच्या खंडासाठी. हे आधी मनाशी पक्कं करावं, मग दुकानात यावं.

सकाळी ८.३०, मांडवी

समुद्राच्या तोंडावरचं घर. यूपीएस उघडला तर तांब्याच्या टोकांवर हिरवट थर, आणि बॅटरी फुगून खोक्यात अडकलेली. काढायलाच वेळ गेला. ‘अहो, मीटर तर बारा पॉइंट सहा दाखवतोय, मग बॅटरी खराब कशी?’ काकांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. नुसतं व्होल्टेज मोजून बॅटरीची तब्येत कळत नाही. मी पिशवीतला गाडीच्या हेडलाइटचा बल्ब काढला आणि टर्मिनलला लावला. डोळ्यांदेखत आकडा नऊच्या खाली आला. बॅटरी बसली होती.

ह्या सीलबंद बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. त्याच्यावर साधारण दहा अंश वाढले की आयुष्य निम्म्यावर येतं. यूपीएस टेबलाखाली भिंतीला टेकवून, पीसीची गरम हवा नेमकी त्याच्यावर येईल असा ठेवलेला. जागा बदलून दिली. नव्या बॅटरीवर आजची तारीख मार्करने लिहिली. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, कारण तीन वर्षांनी कोणालाच काही आठवत नाही.

सकाळी १०.१५, दुकान

मारुती मंदिराच्या बाजूला पाणी साचलेलं, तरी दुकान उघडायच्या आत दोघं दारात उभे. वडील शिक्षक, मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीत पीसी असेंबल केलेला, यूपीएस राहून गेलेला. रात्री खेळ चालू असताना लाइट तीनदा आली-गेली.

‘साहेब, पीसीत साडेसहाशे वॉटचा एसएमपीएस आहे. म्हणजे यूपीएस त्याच्या वरचाच घ्यायला हवा ना?’ वडिलांनी विचारलं.

‘दादा, माझ्या मित्राकडे ६०० व्हीएचा आहे, त्याचा पीसी चालतो त्याच्यावर. पण मला दोन तास बॅकअप पाहिजे,’ मुलगा म्हणाला.

माझ्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक जोडी ह्याच दोन वाक्यांनी सुरुवात करते. वडील लोड जास्त धरतात, मुलगा कमी धरतो, आणि दोघांच्याही बोलण्यात दोन निराळे प्रश्न मिसळलेले असतात. यूपीएसला एका क्षणी किती वॉट ओढता येतील हा एक. ते किती मिनिटं ओढता येतील हा दुसरा. पाण्याच्या टाकीचं जसं आहे तसंच: नळ केवढा आहे ते टाकीच्या आकारावरून ठरत नाही, आणि टाकीत पाणी किती आहे ते नळावरून.

एसएमपीएस म्हणजे पीसीच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा. त्याच्यावरचे ६५० वॉट म्हणजे त्याची देण्याची कमाल ताकद. पीसी तेवढे ओढतोच असं नाही. मुलाकडे रायझन ५ ५६०० प्रोसेसर आहे, नावाला ६५ वॉटचा. पूर्ण जोरात तो ७६ वॉटपर्यंत जातो. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, म्हणजे १७० वॉट. मदरबोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून आणखी तीस-चाळीस. एसएमपीएस स्वतः उष्णतेत थोडं घालवतो तेही धरलं, तर भिंतीच्या सॉकेटमधून खेळताना तीनशेच्या आसपास. मॉनिटरचे पंचवीस वेगळे. साडेसहाशेच्या निम्म्याने.

आता मित्राचा ६०० व्हीए. हे व्हीए प्रकरण लोकांना फार फसवतं. यूपीएसच्या खोक्यावर व्हीए, म्हणजे व्होल्ट-ॲम्पिअर, मोठ्या अक्षरात असतात, वॉट मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात. आपल्याकडच्या घरगुती यूपीएसमध्ये वॉट बहुतेक व्हीएच्या साठ टक्के असतात. ६०० व्हीए म्हणजे ३६० वॉट, ११०० व्हीए म्हणजे ६६०. मित्राचं कार्ड कुठलं, विचारलं. जीटीएक्स १६५०. ते ७५ वॉटचं आहे. त्याचा पीसी त्या ३६० वॉटमध्ये आरामात बसतो, ह्याचा अगदी काठावर जाईल. आणि ग्राफिक्स कार्ड एकसारखी वीज ओढत नाही. स्फोटाचं दृश्य आलं की काही मिलिसेकंदांसाठी एकदम उसळी मारतं. काठावरचा यूपीएस नेमका तेव्हा ओव्हरलोड दाखवून सगळंच बंद करतो. लाइट गेली त्याच क्षणी यूपीएसनेही हात वर केले, तर तो घेतला कशाला?

मग दोन तासांचा विषय. ‘दोन तास कशाला पाहिजेत रे तुला?’

‘व्हॅलोरंटची रँक्ड मॅच पस्तीस-चाळीस मिनिटं चालते, दादा. मधेच बाहेर पडलो तर गुण कापतात, पुढची मॅच काही वेळ खेळू देत नाहीत. आणि बाकी चौघांचं नुकसान होतं ते वेगळंच.’

मला हे शेवटचं वाक्य आवडलं. वडिलांना खेळाचं महत्त्व पटवायला तो दुसरं काही सांगू शकला असता. ई-स्पोर्ट्सना केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये बहुक्रीडा स्पर्धांतला प्रकार म्हणून मान्यता दिली, दुसऱ्या वर्षी हांगचौच्या आशियाई खेळांत त्यांना पदकंही होती. ह्याने बरोबरच्या चौघांचं सांगितलं.

मी विचारलं, ‘लाइट गेल्यावर तुझं नेट चालू असतं का?’

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो, आणि उत्तर क्वचितच तयार असतं. ऑनलाइन खेळात घरातली बॅटरी कितीही मोठी असो, केबलवाल्याचा आळीतला स्विच विजेवर असेल आणि त्याला बॅकअप नसेल, तर लाइटबरोबर नेटही जाणार. मग ती दोन तासांची बॅटरी नुसता पडदा उजळत ठेवेल. काही कंपन्यांची फायबर थेट त्यांच्या केंद्रातून येते, मधल्या वाटण्या विजेशिवाय चालतात, तिथे नेट टिकतं. हे शोधायला पैसे लागत नाहीत. राउटर पॉवर बँकवर किंवा छोट्या डीसी यूपीएसवर ठेवायचा आणि पुढच्या वेळी लाइट जाईल तेव्हा मोबाइलवर बघायचं.

‘आमच्या घरी इन्व्हर्टर आहे, राउटर त्याच्यावरच असतो. नेट जात नाही,’ मुलाला आठवलं.

उत्तम. ‘आज काही विकत घेऊ नका,’ मी वडिलांना सांगितलं. ‘चारच्या सुमारास घरी येतो, मोजतो, मग ठरवू.’ शिक्षकांना ते पटलं.

दुपारी १२

पावसहून फोन. घरगुती राहण्याची सोय चालवणाऱ्या वहिनी, त्यांचा मुलगा सुट्टीला आलाय. ‘भाऊजी, घरात एवढा मोठा इन्व्हर्टर आहे, पाहुण्यांसाठी घेतलेला. ह्याचा पीसी त्याच्यावर का लावत नाही तुम्ही लोक?’

लावता येतो, पण दोन गोष्टी बघून. पहिली, लाइट गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर यायला किती वेळ घेतो. पीसीच्या एसएमपीएसमध्ये एक मोठा कपॅसिटर असतो, त्यात पूर्ण लोडवर सोळा-सतरा मिलिसेकंदांपुरती ऊर्जा साठलेली असते. चांगला यूपीएस त्याच्या आत बदल करतो, साधारण चार ते दहा मिलिसेकंदांत. पंखे-ट्यूबसाठीच्या इन्व्हर्टरला घाई नसते. पंख्याला जे कळतही नाही तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’चं बटण असतं, ते दाबलं की बदल लवकर होतो. मात्र त्या मोडमध्ये इन्व्हर्टर व्होल्टेजची पट्टीही अरुंद धरतो. लो व्होल्टेजच्या गावात तो मग सारखा बॅटरीवर जातो-येतो आणि बॅटरी लवकर थकते.

दुसरी गोष्ट लाटेची. विजेची लाट गोल, सलग असते. स्वस्त इन्व्हर्टर आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेले की पायऱ्यांची लाट देतात. आताच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये वीज सुधारून घेणारं सर्किट असतं, त्यातल्या काहींना ह्या पायऱ्या मानवत नाहीत. गुणगुणतात, कधी बंदही पडतात. वहिनींचा इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा निघाला. मग उत्तर सोपं: इन्व्हर्टर आहे तसा नेहमीच्या मोडवर राहू दे, त्याच्या पुढे पीसीला छोटा यूपीएस लावा. मधले काही मिलिसेकंद यूपीएस सांभाळेल, पुढचे तास इन्व्हर्टर. १५० एएचची नवी ट्युब्युलर बॅटरी तीनशे वॉटवर तीन तासांच्या पुढे जाते, अर्थात पाहुण्यांच्या खोल्यांतले पंखे तिच्यावर नसतील तर. खरोखर दोन तास खेळायचं असेल, तर आमच्याकडे मला हाच मार्ग सगळ्यात समंजस वाटतो. एवढ्या वेळासाठी मोठा यूपीएस शोधत बसू नये.

दुपारी १.३०

घरी जेवण. मासेमारी बंद, त्यामुळे सुकट आणि भात.

दुपारी २.१५, साळवी स्टॉप

इमारतींची त्रिमितीय चित्रं करून देणारा एक जण. त्याच्याकडे आय९ १४९००के आणि आरटीएक्स ४०९०. प्रोसेसर एकटा २५३ वॉटपर्यंत, कार्ड ४५० वॉट. हे दोघं एकदम जोरात आले की भिंतीतून आठशेच्या वर. इथे घरगुती यूपीएसचा विषयच संपतो. त्याला २ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस दिला होता, वॉट व्हीएच्या नव्वद टक्के असलेला. ऑनलाइन म्हणजे पीसी कायम यूपीएसने बनवलेल्या विजेवर चालतो, त्यामुळे बदलाला लागणारा वेळ शून्य. त्याची किंमत अशी की पंखा दिवसरात्र घुमतो आणि थोडी वीज कायम उष्णतेत जाते. रात्रभर रेंडर लावणाऱ्याला हे परवडतं. संध्याकाळी दोन तास खेळणाऱ्या मुलाच्या झोपायच्या खोलीत मी तो सुचवत नाही.

पंख्याची जाळी धुळीने आणि ओलाव्याने चिकटली होती, साफ केली. लेझर प्रिंटर त्याच यूपीएसवर जोडलेला दिसला तो काढून थेट भिंतीत लावला. प्रिंटरचा रोलर तापताना एवढी वीज ओढतो की यूपीएसला धाप लागते.

दुपारी ४, कुवारबाव

शिक्षकांचं घर जांभ्याचं, कौलं काढून स्लॅब घातलेला. मुलाची खोली वरच्या मजल्यावर. पीसीला हात लावला तर बोटांना झिणझिण्या. ‘हे पहिल्यापासून होतं, दादा. सगळ्यांच्या पीसीला होतं ना?’

नाही, होऊ नये. मल्टिमीटर लावला: फेज आणि न्यूट्रलमध्ये २२६, फेज आणि अर्थमध्ये शंभराच्या थोडं वर, न्यूट्रल आणि अर्थमध्येही तसंच. म्हणजे सॉकेटचं तिसरं भोक नावापुरतं. अर्थ कुठेच पोचलेला नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी जो फिल्टर असतो तो गडबडीची वीज अर्थकडे सोडतो. अर्थच नसेल तर पीसीचा पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट बारीक असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण यूपीएसमध्ये किंवा चांगल्या बोर्डमध्ये विजेच्या कडकडाटापासून वाचवणारे जे भाग असतात, त्यातल्या काहींना जादा व्होल्टेज अर्थकडेच ढकलायचं असतं. ढकलायला अर्थ नसेल तर ते अर्धवट कामाचे. मे महिन्याच्या शेवटी वळवाचे गडगडाट होतात तेव्हा आमच्या दुकानात जळालेल्या मदरबोर्डांची रांग लागते, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच घरांत अर्थ असाच निघतो.

इथे ते अवघडही आहे. जांभा दगड विजेला सहज वाट देत नाही, आणि खड्डा खणायलाही चिवट. त्यामुळे बांधकामाच्या वेळी बरेच जण हातभर खणून पट्टी पुरतात आणि सोडून देतात. खोल खड्डा, त्यात प्लेट किंवा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, नाहीतर आता मिळणारं तयार मिश्रण, आणि उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालायची सोय. हे झालं पाहिजे. शिक्षकांना मी स्पष्ट सांगितलं: यूपीएसपेक्षा हे काम आधीचं आहे. यूपीएस बिघडला तर यंत्र जाईल. अर्थ नसताना कधी आतली फेज पत्र्याला लागली तर माणूस जाईल. तोवर मीटरजवळ गळती पकडणारा ब्रेकर बसवून घ्या. आरसीसीबी म्हणतात त्याला, ३० मिलीॲम्पिअरचा मागा.

मग वॉटमीटर. सॉकेट आणि पीसीचा बोर्ड ह्यांच्यामध्ये लावायचं छोटं यंत्र, आकडा सरळ दाखवतं. मॉनिटर धरून मोजलं. नुसता डेस्कटॉप उघडा: ८८ वॉट. मुलाने खेळ सुरू केला: २९०च्या आसपास, मधूनमधून ३१५. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकदम ताणणारी चाचणी लावली तेव्हा ३५०ला शिवला. शिक्षक वहीत आकडे लिहून घेत होते. सकाळच्या हिशेबाच्या हे बरंच जवळ आलं, पण मोजल्याशिवाय मी यूपीएस देत नाही. प्रत्येकाचा एसएमपीएस, पंखे, खेळायची पद्धत वेगळी.

बरोबर दुकानातला पूर्ण चार्ज असलेला नमुन्याचा यूपीएस आणला होता, ११०० व्हीए, आत १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन बॅटऱ्या. त्याच्यावर पीसी लावला, खेळ चालू ठेवला आणि प्लग काढला. पडदा हलला नाही. एसएमपीएस मात्र बारीक गुणगुणायला लागला. हा यूपीएस पायऱ्यांच्या लाटेचा होता. घड्याळ लावून बसलो. बाराव्या मिनिटाला बीप घाईचे झाले तेव्हा मुलाने खेळ बंद केला.

इथे शिक्षकांनी फार चांगला प्रश्न विचारला. ‘बॅटरीवर १२ व्होल्ट ७ एएच लिहिलंय. गुणाकार चौऱ्याऐंशी. दोन म्हणजे एकशे अडुसष्ट वॉट-तास. तीनशे वॉटला अर्ध्या तासाच्या वर जायला हवं होतं.’

गणित बरोबर आहे, पण ते ७ एएच वीस तासांत हळूहळू रिकामी केलेल्या बॅटरीचे आहेत. तीच बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत उपसायला गेलं तर आतली रासायनिक क्रिया तेवढ्या वेगाने होत नाही, आणि हातात निम्म्याच्या आसपासच पडतं. वर यूपीएसची स्वतःची घट आहेच. म्हणून लोड दुप्पट झाला तर मिनिटं निम्म्याहून कमी होतात. आणि हेच उलट फिरवलं तर फायदा होतो: लोड थोडा उतरवला की मिनिटं बरीच वाढतात.

ते मुलाला करून दाखवलं. त्याचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, खेळ दोनशेच्या वर फ्रेम काढत होता. सेटिंगमध्ये फ्रेम ६०ला बांधल्या. वॉटमीटरवरचा आकडा २९०वरून १८५वर आला. ‘लाइट गेली की हे एक बटण दाबायचं,’ मी सांगितलं. ‘बाराची वीस-बावीस मिनिटं होतील. अर्धी मॅच झालेली असेल तर उरलेली निघेल.’ त्याचा चेहरा खुलला. तो इंजिनिअरिंग शिकतोय, पण बॅटरीचा हा स्वभाव त्याला अजून कोणी मोजून दाखवलेला नव्हता. माझ्या धंद्यातली मला सगळ्यात आवडणारी वेळ हीच.

निर्णय झाला: १ केव्हीए, ६०० वॉट किंवा त्याच्या वर, शुद्ध साइन वेव्ह, आत दोन बॅटऱ्या, व्होल्टेज कमीजास्त झालं तर बॅटरीला हात न लावता सांभाळून घेणारा. हे शेवटचं कलम आमच्याकडे महत्त्वाचं. संध्याकाळी सगळ्यांचे पंप आणि एसी लागले की कडेच्या वस्त्यांत व्होल्टेज १९०च्या खाली येतं. यूपीएसमधला ट्रान्सफॉर्मर ते वर उचलतो. ज्यात ही सोय नाही तो दर वेळी बॅटरीवर जातो, आणि प्रत्यक्ष लाइट जाईल तेव्हा बॅटरी आधीच अर्धी उतरलेली.

मोठा घ्यावा का, दीड-दोन केव्हीए? शिक्षक विचारत होते, पैसे घालायची तयारी होती. मी नको म्हटलं. वॉट दुप्पट झाले म्हणून मिनिटं वाढत नाहीत, मिनिटं आतल्या बॅटऱ्यांवर ठरतात. उरलेले पैसे अर्थिंगला लावा.

संध्याकाळी ६.३०, दुकान

दिवसभरातल्या मेलेल्या बॅटऱ्या मोजून कोपऱ्यात रचल्या. प्रत्येकीत शिसं आणि तेजाब आहे. भंगारवाला फोडून तेजाब गटारात ओततो, आणि आमची गटारं खाडीलाच मिळतात. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेऊन योग्य ठिकाणी पोचवायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. त्यांच्या वितरकाच्या गाडीतून त्या परत जातात. कोणी जुनी बॅटरी आणून दिली तर मी नव्या किमतीतून वजा करतो. लोकांनी ती घराच्या पडवीत ठेवू नये, मुलं असतात.

रात्री ८.३०, कुवारबाव

नवा यूपीएस बसवला. पीसी आणि मॉनिटर बॅटरीच्या सॉकेटवर. स्पीकर आणि टेबलावरचा दिवा नुसत्या संरक्षणाच्या सॉकेटवर, त्यांनी बॅटरी खायची गरज नाही. राउटर इन्व्हर्टरवरच राहू दिला. यूपीएसच्या मागून यूएसबीची तार पीसीला जोडली. ही तार बहुतेक घरांत खोक्यातच राहते. ती लावली की विंडोजला पीसीलाही लॅपटॉपसारखी बॅटरी आहे असं दिसतं, आणि बॅटरी अमुक टक्क्यांवर आली की आपोआप नीट बंद व्हायची सोय लावता येते. पंचवीस टक्क्यांवर ठेवली. मुलगा झोपलेला असेल, रात्री खेळाचं मोठं अपडेट उतरत असेल, तरी एसएसडीवर लिहिणं अर्धवट तुटणार नाही. बायोसचं अपडेट मात्र पावसाळी रात्री करू नकोस, असं त्याला वेगळं बजावलं.

आजच प्लग काढून बघायची त्याला घाई होती. थांबवलं. नवी बॅटरी गोदामात पडून उतरलेली असते. आठ तास चार्ज होऊ दे, उद्या दुपारी बघ, किती मिनिटं आली ते बॅटरीच्या तारखेखाली लिही. दर सहा महिन्यांनी तीच चाचणी, त्याच खेळावर. मिनिटं निम्मी झाली की बॅटरी बदल.

रात्री १०.१०

जेवून बसलो तेव्हा त्याचा निरोप आला. पुढच्या वर्षी आरटीएक्स ४०७० घेतलं तर यूपीएस बदलावा लागेल का? ते कार्ड २०० वॉटचं. म्हणजे सध्याच्या कार्डापेक्षा तीस वॉट जास्त, खेळताना सव्वातीनशे-साडेतीनशे. सहाशेच्या आत आहे, यूपीएस तोच चालेल, बारा मिनिटांची दहा होतील. तसं कळवलं. खाली आणखी एक ओळ लिहिली: बाबांना सांग, अर्थिंगचा खड्डा करणारा वायरमन सोमवारी मोकळा आहे, पाऊस थांबो न थांबो, येतो म्हणालाय.